डॅनियल इनोये आणि हवाईतला १९५४ चा सत्तापालट

हवाईचे जपानी वंशाचे नेते डॅनियल इनोये अमेरिकेच्या सिनेटमध्ये जवळजवळ पन्नास वर्षं होते. १९६२ ते २०१० या काळात त्यांनी सिनेटच्या नऊ निवडणुका लढवल्या आणि नऊही जिंकल्या. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण युद्धात गेलेल्या उजव्या हातापाशी थांबतात. मला मात्र वाटतं, की त्यांचं राजकारण समजून घ्यायचं तर हवाईतल्या उसाच्या मळ्यांपासून सुरुवात करायला हवी.

जपानमधल्या गावात इनोये कुटुंबाच्या घरातून लागलेली आग शेजारच्या घरांत पसरली होती. तिच्या भरपाईचं कर्ज फेडण्यासाठी इनोयेंचे आजोबा कवाई बेटावर मळ्यात मजुरीला आले. त्या काळी हवाईतली साखर, जहाजवाहतूक, बँका आणि मोठा व्यापार ‘बिग फाइव्ह’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच कंपन्यांच्या मुठीत होता, आणि सत्ता त्यांच्या मर्जीतल्या रिपब्लिकन पक्षाकडे. जपानहून आलेल्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व घेता येत नसे. इथे जन्मलेली मुलं, म्हणजे ‘निसेई’, जन्माने नागरिक होती. पण ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. सतरा वर्षांचे इनोये तेव्हा जखमींच्या प्रथमोपचारासाठी धावले होते. तरीही काही काळाने सैन्यभरतीच्या यादीत त्यांच्यासारख्या तरुणांची नोंद ‘शत्रुदेशीय’ म्हणून झाली. मुख्य भूमीवर तर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आलं.

१९४३ मध्ये निसेईंच्या सैन्यभरतीवरची बंदी उठली. हवाईतून १,५०० स्वयंसेवक हवे होते, पुढे आले सुमारे १०,०००. डॉक्टर व्हायला निघालेले इनोये शिक्षण सोडून जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमध्ये दाखल झाले.

२१ एप्रिल १९४५. इटलीतल्या सान तेरेन्झोजवळच्या कड्यावर तीन जर्मन मशीनगन त्यांच्या तुकडीला पुढे सरकू देत नव्हत्या. पोटात गोळी लागलेली असताना त्यांनी दोन ठाणी उडवली आणि तिसऱ्याकडे सरपटत निघाले. बाँब फेकायला हात मागे नेला, तेवढ्यात शत्रूचा रायफल-ग्रेनेड कोपरावर आदळला. हात लोंबकळत होता आणि पिन काढलेला बाँब त्याच मुठीत अडकला होता. सोडवायला धावणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी ओरडून लांब ठेवलं, डाव्या हाताने बाँब उपसला आणि ठाण्यावर फेकला. याच मोहिमेत, अवघ्या बारा दिवसांपूर्वी, पूर्वेकडे सेनियो नदीकाठी नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी असाच पराक्रम गाजवला होता. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून ते हातबाँब घेऊन मशीनगनवर धावून गेले. जाधवांना त्याच वर्षी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इनोयेंच्या नशिबी मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, आलं ते २००० मध्ये, आधीचे निर्णय पुन्हा तपासून पाहिल्यानंतर. पंचावन्न वर्षांच्या त्या उशिराला वंशभेदाखेरीज दुसरं कारण मला दिसत नाही.

मिशिगनमधल्या लष्करी रुग्णालयात त्यांची गाठ बॉब डोल आणि फिलिप हार्ट या दोन जखमी सैनिकांशी पडली. पुढे तिघेही सिनेटर झाले. घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका न्हाव्याने, ‘जपान्यांचे केस आम्ही कापत नाही’, असं त्यांना सुनावलं. अंगावर गणवेश, छातीवर पदकं, एक बाही रिकामी.

इथून पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, पण माझ्या मते खरी कलाटणी तिथेच आहे. माजी सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या जी. आय. बिलामुळे मळ्यांतल्या मजुरांची मुलं वकील, शिक्षक, हिशेबनीस झाली. इनोये वॉशिंग्टनहून कायदा शिकून आले. होनोलुलूतले माजी पोलीस अधिकारी जॉन बर्न्स डेमोक्रॅटिक पक्ष नव्याने बांधत होते. त्यांनी या तरुणांना हाताशी धरलं, गोदी आणि मळ्यांतल्या कामगार संघटना होत्याच. त्यातच १९५२ च्या कायद्याने जपानहून आलेल्या जुन्या पिढीलाही नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. १९५४ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांची दशकांची सत्ता कोसळली आणि इनोये हवाईच्या प्रादेशिक विधिमंडळात पोचले. ज्या वर्गाने ऊस तोडला, त्याच वर्गाच्या हाती कायदे करण्याचं काम आलं!

ऑगस्ट १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं आणि इनोये प्रतिनिधिगृहात गेले, काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतले, पहिले जपानी-अमेरिकन म्हणून. शपथेसाठी उजवा हात वर करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी डावा केला.

सिनेटमध्ये निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशी समितीचे ते सदस्य होते, तर इराणला गुपचूप शस्त्रं विकून निकाराग्वातल्या बंडखोरांना पैसा पुरवल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणात समितीचे अध्यक्ष. छावण्यांच्या प्रश्नावर थेट भरपाई मागण्याऐवजी आधी चौकशी आयोग नेमा, हा त्यांचा सल्ला होता. त्याच वाटेने १९८८ चा कायदा आला आणि हयात पीडितांना प्रत्येकी २०,००० डॉलर व सरकारची माफी मिळाली. २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाला विरोध करणाऱ्या २३ सिनेटरांत ते होते.

हवाईसाठी निधी ओढून आणण्यात त्यांचा हातखंडा होता. त्याला दुसरी बाजूही आहे. ओआहू बेटावरचा एच-३ महामार्ग पर्यावरण कायद्यामुळे अडला, तेव्हा १९८६ मध्ये काँग्रेसमधून खास सूट मिळवून तो पुढे रेटला गेला. मूळ हवाईयन लोकांपैकी अनेकांना ते अजून खुपतं. १९९२ च्या प्रचारात त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोपही झाला. त्यांनी तो नाकारला, आणि त्याची पुरती चौकशी कधी झालीच नाही.

१७ डिसेंबर २०१२ ला त्यांचं निधन झालं. आपल्या जागी प्रतिनिधिगृहाच्या सदस्य कॉलीन हनाबुसा यांना नेमावं, असं पत्र त्यांनी हवाईचे गव्हर्नर नील अबरक्रॉम्बी यांना पाठवलं होतं. अबरक्रॉम्बींनी नेमलं आपले नायब गव्हर्नर ब्रायन शाट्झ यांना. २०१४ मध्ये शाट्झ हनाबुसांविरुद्ध पक्षांतर्गत निवडणूक जेमतेम जिंकले. अबरक्रॉम्बींना मात्र स्वतःच्याच पक्षाच्या मतदारांनी मोठ्या फरकाने घरी बसवलं.