टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल नेमकं किती?

पावसाळा सरत आला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत ग्रासकटर सुरू होतात. यातले बरेच टू-स्ट्रोक असतात आणि त्यांच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती, असं विचारलं तर मात्र 'लिटरला दोन झाकणं' असं उत्तर येतं. झाकण कुठल्या बाटलीचं, ते कोणी सांगत नाही. वर 'थोडं जास्त पडलं तर बरंच' हा सल्ला असतोच. तो सल्ला चुकीचा आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात तेल तळाशी साठलेलं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय नाही. पिस्टन वर जाताना त्याच्याखालच्या क्रँककेसमध्ये हवा आणि पेट्रोल ओढून घेतो, खाली येताना तेच मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. क्रँककेस हा इंधनाचा रस्ताच असल्यामुळे तिथे तेल साठवता येत नाही, ते पेट्रोलबरोबरच पाठवावं लागतं. आत पेट्रोलची वाफ होते, तेल मागे राहतं, बेअरिंगवर आणि पिस्टनच्या बाजूंवर पातळ थर धरतं आणि अखेर जळून बाहेर पडतं.

म्हणून प्रमाणाला महत्त्व. ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, ४०:१ म्हणजे २५, तर २५:१ म्हणजे ४०. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जे दिलं असेल तेच खरं. मोजायला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज उत्तम.

तेल कमी पडलं तर पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि इंजिन सीझ होतं, म्हणजे जाम होऊन बसतं. हे कोणालाही पटतं. जास्त तेलाचं गणित मात्र चटकन लक्षात येत नाही. कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे त्यातल्या बारीक छिद्रातून, ठरावीकच द्रव जातो. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो. शिवाय मिश्रण घट्ट झाल्यामुळे ते जेटमधून सावकाश येतं. हवा तेवढीच आणि पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण 'लीन' होतं आणि इंजिन उलट जास्त तापू शकतं. प्लग काळा पडणं, सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन साचणं आणि निळसर धूर हे त्याशिवाय. दिल्लीत स्कूटर-रिक्षांचा असाच धूर इतका वाढला होता की १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटं टू-टी तेल (टू-स्ट्रोकसाठीचं खास तेल) विकण्यावर बंदी घालून पंपावरच मोजून मिश्रण देण्याचा आदेश दिला.

घरात मोटरसायकलचं इंजिन ऑइल पडलेलं असतं, ते घालायचा मोह टाळा. त्यातली कॅल्शियम, जस्त अशा धातूंची संयुगं जळल्यावर राख मागे ठेवतात. टू-टी तेल जळण्यासाठीच बनवलेलं असतं. त्याच्या डब्यावर जासो या जपानी मानकाची एफसी किंवा एफडी ही श्रेणी पाहून घ्या; एफडी अधिक स्वच्छ जळतं.

मिश्रण यंत्राच्या टाकीत नाही, वेगळ्या कॅनमध्ये करायचं. आधी निम्मं पेट्रोल, मग सगळं तेल, चांगलं हलवून उरलेलं पेट्रोल, आणि पुन्हा हलवणं. तेल पेट्रोलपेक्षा जड असतं. न हलवता ओतलं तर तळाशी बसतं. एकदा नीट विरघळलं की सहसा वेगळं होत नाही.

आता पंपावर मिळणाऱ्या ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमुळे नवी काळजी आली आहे. कित्येक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते, तेव्हा आपली पुस्तिका उघडून बघाच. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण आणखी लीन होतं. त्याहून वाईट म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेतं. कॅनमध्ये पावसाचं पाणी गेलं, किंवा तो दमट हवेत बरेच दिवस उघडा राहिला, तर पाणी आणि इथेनॉलचा थर खाली बसतो. टू-टी तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला नळ तळाचं ओढतो, आणि तुम्ही कितीही काटेकोर मोजलेलं असलं तरी इंजिनाला जवळजवळ बिनतेलाचं इंधन मिळतं. त्यामुळे लागेल तेवढंच मिसळा, महिन्याभरात संपवा, कॅनचं झाकण घट्ट ठेवा. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्येही जुनं मिश्रण उरत नाही.