वस्तीतल्या शाळेत शिक्षक कमी आहेत? अर्ज कोणी, कुठे आणि कसा करायचा

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या वस्तीत जी शाळा आहे, तिथल्या एका वर्गात फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ असते. डावीकडे तिसरीचं गणित, उजवीकडे चौथीचं मराठी, आणि बाई एकच. पालकसभेत दरवेळी कुणीतरी उठून म्हणायचं, "शिक्षक द्या." सगळे माना डोलवायचे आणि घरी जायचे. तोंडी मागणीची नोंद कुठेच होत नाही, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. तुमची दोन वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट तपासा. शाळेत पद मंजूर असून जागा रिकामी आहे, की पदच मंजूर नाही? वरवर सारखंच दिसतं, पण दोन्हींवरचे उपाय वेगळे. मुख्याध्यापकांकडे त्या वर्षाच्या संचमान्यतेची प्रत असते, तीत पटानुसार किती पदं मंजूर आहेत ते लिहिलेलं असतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ती मागा.

हक्क कशावर उभा आहे? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ आणि १२१ ते २०० ला ५. मुलं १५० च्या वर गेली की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे निदान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना प्रत्येकी किमान एक. कलम २६ तर आपल्या फार उपयोगाचं आहे: सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. म्हणजे १० पेक्षा कमी पदं असलेल्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तरी मर्यादा ओलांडली जाते. अर्जात हे कलम लिहाच.

पण पदच मंजूर नसेल तर? तर बहुतेक वेळा दुखणं आधारमध्ये असतं. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यातही आधार वैध असलेलीच मुलं मोजली जातात. वर्गात बसलेलं मूल ऑनलाइन नोंदीत "जुळत नाही" असं दिसलं, की शिक्षकांच्या हिशोबात ते नाहीच. आम्ही एका संध्याकाळी मुख्याध्यापिकांबरोबर बसून यादी काढली. एका मुलीचं नाव शाळेत "राणी", आधारवर "राणू". बांधकामावर राहणाऱ्या तीन भावंडांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, फक्त वर्षं वेगळी. अशी मुलं वस्तीतल्या शाळांतच जास्त असतात, म्हणून शिक्षकही तिथेच कमी पडतात. मला हा सरळ अन्याय वाटतो. पण यादी हातात असेल तर तो दुरुस्त करता येतो. जून-जुलैतच यादी काढा आणि जन्मदाखला घेऊन पालकांना आधार केंद्रावर पाठवा. ५ आणि १५ व्या वर्षी बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात, तेही राहून गेलेलं असतं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. आधार नाही, जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

अर्ज कोणीही पालक करू शकतो, पण शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गेलेल्या अर्जाला वजन असतं. सरकारी आणि पालिकेच्या शाळांत समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अनुदानित खाजगी शाळेत समितीचं काम सल्ला देण्यापुरतं असतं, तिथे अर्ज संस्थेकडे आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. ठरावाखाली सूचक-अनुमोदकाची नावं आणि हजर सदस्यांच्या सह्या हव्यात. सोबत संचमान्यतेची प्रत, इयत्तावार पट, सध्या कोणते शिक्षक कोणते वर्ग घेतात त्याचा तक्ता आणि शाळेचा ११ आकडी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) जोडा. पुणे जिल्ह्यातल्या शाळांचा हा क्रमांक २७२५ ने सुरू होतो.

शाळा पुणे महापालिकेची असेल तर अर्ज पालिकेच्या शिक्षण विभागात, पिंपरी-चिंचवडची असेल तर तिथल्या. जिल्हा परिषदेची असेल तर केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि प्रत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. राज्याचं शिक्षण आयुक्तालय पुण्यातच असल्यामुळे लोक थेट तिकडे धावतात. तसं करू नका, सुरुवात खालूनच करा. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयात "ठेवून जा" म्हणून घेतला गेला. पुढे तो सापडला नाही आणि आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

अर्जात दोन मागण्या ठेवा. कायम नेमणूक पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून होते, तिला वेळ लागतो. म्हणून दुसरी मागणी अशी: "तोपर्यंत अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचं समायोजन करून किंवा तात्पुरती व्यवस्था करून वर्ग सुरू ठेवावा." समायोजन म्हणजे दुसऱ्या शाळेत जास्तीचा ठरलेला शिक्षक आपल्या शाळेत देणं. ही ओळ नसेल तर "भरती झाल्यावर बघू" एवढंच उत्तर मिळतं.

पैशांचंही विचारा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून सरकारी आणि पालिकेच्या शाळांना पटाप्रमाणे वार्षिक अनुदानाची तरतूद आहे: ३१ ते १०० मुलांना २५,००० रुपये, १०१ ते २५० ला ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. आलं किती आणि खर्च कशावर, हे समितीपुढे मांडलं गेलं पाहिजे.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात रिक्त पदांची माहिती मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला पुराव्यासह शुल्क माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. त्याच्या जोडीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात महापालिकेकडे, लेखी तक्रार द्या. तिचा निकाल ३ महिन्यांत लावायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं, आणि तिथे सगळ्यात आधी लागते ती पहिल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच.