पन्नाशी ओलांडलेला पिकअप पुन्हा रस्त्यावर: नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

जुन्या पिकअपच्या पत्र्याला हात लावण्याआधी त्याचं आरसी बुक शोधा. इंजिन उतरवणं, हौदा खरवडून काढणं, वाकलेला फाळका ठोकून सरळ करणं ही कामं चार जाणकार मित्र जमले की होतात. या छंदातली माणसं दिलदार असतात. सुट्टीचा दिवस देतात, पुली-ब्लॉक देतात, वर्षानुवर्षं जपलेला कार्ब्युरेटरही काढून हातात ठेवतात. आरटीओच्या दप्तरातली नोंद मात्र कोणी देऊ शकत नाही. नव्यासारखी रंगवलेली गाडी कागदाअभावी शेडमध्ये अडकून पडते तेव्हा सगळ्यांच्याच मेहनतीचं वाईट वाटतं. म्हणून आधी कागद, मग पाना.

पुढची माहिती महाराष्ट्रात नोंदलेल्या चारचाकी पिकअपसाठी आहे. आपल्याकडे सापडणाऱ्या गाड्या साधारण ठरलेल्या आहेत: १९४७ ते १९६५ या काळातला विलिज जीप ट्रक, महिंद्राचे एफसी, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे डॉज आणि फार्गो, आणि नशीब असेल तर शेवरोले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला होता. त्या गाड्यांपैकी एखादी अजूनही कुठे गोठ्यामागे दिसते.

आधी वाहनाचा वर्ग

‘पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात’ हा समज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि ती संपली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ मध्येच ही सोय आहे.

पिकअपच्या बाबतीत खरा प्रश्न दुसरा आहे: गाडी खासगी म्हणून नोंदली आहे की मालवाहू म्हणून? पुढचा सगळा रस्ता यावर ठरतो.

खासगी असेल तर नमुना २५ मध्ये नूतनीकरणाचा अर्ज करायचा. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत तो देता येतो. मुदत कधीच उलटून गेली असेल तरी अर्ज होतो, पण चारचाकीला उशिराचे महिन्याला ५०० रुपये पडतात. गाडी वीस वर्षं पडून असेल तर हा आकडा किती फुगेल याचा हिशोब खिडकीवर जाण्याआधी करून ठेवा. घरातल्या कोणी त्या काळी ‘गाडी वापरात नाही’ अशी लेखी सूचना आरटीओला दिली असेल तर तिची शिक्का मारलेली पोच जुन्या पेटीत शोधा. कराच्या थकबाकीचा विषय निघाला की तो कागद कामी येतो.

मालवाहू असेल तर फिटनेस लागतं, ज्याला आपण पासिंग म्हणतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावं लागतं. एक दिलासा आहे: एकूण भारित वजन (गाडी आणि माल मिळून) ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. विलिजचा पिकअप आणि शेवरोलेचा अर्ध्या टनाचा पिकअप दोन्ही या मर्यादेत आरामात बसतात. बुकात भारित वजन किती लिहिलंय ते मात्र पाहा, कारण कार्यालय तोच आकडा धरतं.

व्हिंटेज नोंदणी पिकअपला मिळते का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए ते ८१जी हे नियम आले आणि व्हिंटेज वाहनांना पहिल्यांदा स्वतंत्र नोंदणी मिळाली. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली असावीत, गाडी मूळ रूपात असावी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, या मुख्य अटी.

पिकअपवाल्यांनी त्यातलीच एक ओळ नीट वाचायला हवी. हे नियम दुचाकींना आणि एम-१ वर्गातल्या चारचाकींना लागू आहेत. एम-१ म्हणजे प्रवासी गाडी, चालकाशिवाय जास्तीत जास्त आठ जणांची. साडेतीन टनांपर्यंतची मालवाहू गाडी एन-१ वर्गात जाते. विलिजची स्टेशन वॅगन इथे सरळ बसते. त्याच बोनेटचा, त्याच इंजिनाचा पिकअप अडतो. ज्या गाड्यांनी या राज्यातली द्राक्षं, ऊस आणि दुधाचे कॅन वाहिले त्यांनाही वारसा म्हणून मान मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. नियम आज जसा आहे तसा मात्र पाळावा लागतो.

म्हणून काय करायचं? पन्नास वर्षांपूर्वीच्या बुकात एम-१, एन-१ असे शब्द नसतातच. तिथे ‘जीप’, ‘प्रायव्हेट’ किंवा ‘गुड्स’ असं काहीतरी हाताने लिहिलेलं असतं. नोंद खासगी असेल तर बुकाची प्रत आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो जोडून परिवहन विभागाकडे लेखी विचारणा करा, आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर व्हिंटेज नोंदणीचं वीस हजारांचं शुल्क भरू नका. नोंद मालवाहू असेल तर व्हिंटेजचा नाद सोडून पासिंगच्या रस्त्याने जाणंच बरं. हौद्यात बाकडी टाकून, वर टप चढवून गाडीला प्रवासी जीप दाखवण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो ऐकू नका. त्यात मूळ रूपही जातं आणि परवानगीशिवाय फेरबदलाला मनाई करणाऱ्या कलम ५२ चा भंगही होतो.

वर्ग मान्य झाला तर प्रक्रिया सुटसुटीत आहे. नमुना २० मध्ये अर्ज, सोबत विमा पॉलिसी, भारतात आधी नोंदलेल्या गाडीचं जुनं आरसी आणि परदेशातून आणलेली असल्यास सीमाशुल्काचं बिल ऑफ एन्ट्री. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीचं ५,०००. सगळं बरोबर असेल तर ६० दिवसांत नमुना २३ए मधलं प्रमाणपत्र मिळतं आणि ते दहा वर्षं चालतं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. आजोबांच्या काळातला बीएम किंवा एमआरचा नंबर टिकवण्यासाठी एवढी धडपड नक्कीच करावी. नवी नोंद असेल तर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे येतात.

बुक आहे, पण नाव दुसऱ्याचं

जुन्या पिकअपचा मालक बहुतेक वेळा हयात नसतो. वारसाने नमुना ३१ भरायचा. कायद्याने मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवणं आणि तीन महिन्यांत अर्ज करणं अपेक्षित असतं; आपल्याकडे तीन-तीन दशकं उलटलेली असतात, तेव्हा विलंबाचं शुल्क धरून चला. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. ही संमती गाडी गंजलेली असतानाच घ्या. रंग चढल्यावर, पाहुणे फोटो काढून गेल्यावर, पुण्या-मुंबईतल्या चुलत भावांनाही त्या गाडीवर आपला हक्क असल्याचं आठवतं, आणि मग घरातली नाती ताणली जातात.

विकत घेतली असेल तर नमुना २९ आणि ३०. परराज्यातली असेल तर तिथली एनओसी (नमुना २८) आणि इथे नवीन नंबरासाठी नमुना २७. बुक हरवलं असेल तर पोलिसांकडे तक्रार नोंदवून दुय्यम प्रतीसाठी नमुना २६. सरकारी लिलावातली असेल तर नमुना ३२. लिलावाच्या गाडीबाबत एक सावधगिरी हवी: १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, महापालिकांच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी नूतन होत नाही. त्याआधी लिलावात घेऊन तुमच्या नावावर चढली असेल तर ठीक. बुकावर अजूनही खात्याचंच नाव असेल तर पैसे मोजण्याआधी आरटीओत खात्री करा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे बॅकलॉग. जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत आहेत आणि आरटीओच्या संगणकातल्या ‘वाहन’ प्रणालीत त्यांचा पत्ता नसतो. परिवहन पोर्टलवर नंबर टाकला की ‘नोंद सापडली नाही’ एवढंच येतं. घाबरू नका. ज्या कार्यालयात मूळ नोंद झाली तिथे अर्ज देऊन ती संगणकात चढवून घ्यावी लागते. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे. तेव्हा साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीचं रजिस्टर आजच्या जिल्ह्यात असेलच असं नाही. बुकावरचा शिक्का कुठला आहे ते पाहून त्या कार्यालयात जा. रजिस्टर जीर्ण असेल तर बाबूंना वेळ द्या आणि बुकाची स्वच्छ छायाप्रत, कर भरल्याच्या जुन्या पावत्या, विम्याच्या जुन्या पॉलिसी असं जे असेल ते सोबत न्या.

बुकही नाही, नंबरही माहीत नाही, विकणारा म्हणतो ‘कागद नंतर करून देतो’? तो पिकअप सुट्या भागांसाठी घ्या, रस्त्यासाठी नको.

मित्रांची मदत कागदावर आणा

विलिजचा १३४ घनइंचाचा, सुमारे २.२ लिटरचा हरिकेन इंजिन आपल्याकडे महिंद्राच्या जीपमध्येही होता. त्यामुळे कोणीतरी मित्र हमखास म्हणतो, ‘माझ्याकडे एक पडलाय, घेऊन जा.’ असा मित्र लाभणं हे भाग्यच. पण त्या इंजिनावर दुसरा नंबर आहे, आणि आरटीओचा निरीक्षक पहिली नजर तिथेच टाकतो.

शक्य असेल तर मूळ ब्लॉकच, म्हणजे इंजिनाचा नंबर कोरलेला मुख्य सांगाडाच, वाचवा. बोअर करून घ्या, स्लीव्ह टाका, आणि मित्राच्या इंजिनातले क्रँक, हेड, ऑइल पंप वापरा. सुटे भाग बदलले तरी नंबर असलेला ब्लॉक तोच राहतो. ब्लॉकला तडा गेला असेल आणि दुसरा बसवणं भागच असेल तर बसवण्याआधी नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी घ्या. ती घेताना ज्या गाडीतून इंजिन आलं तिच्या आरसीची प्रत, देणाऱ्याचं सहीचं पत्र किंवा पावती, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही याची पडताळणी हाताशी हवी. मित्राकडून पावती मागताना संकोच वाटतो; पण उद्या त्या नंबरावरून पोलिसांचा फोन आला तर तीच पावती दोघांनाही वाचवते.

पेट्रोलच्या जागी प्यूजोचं डिझेल इंजिन टाकलेले पिकअप गावोगाव दिसतात. शेतीच्या कामाला ते बरं होतं. व्हिंटेजसाठी मात्र तो फेरबदल नडतो, आणि बुकात इंधन ‘पेट्रोल’ असेल तर साध्या नूतनीकरणातही अडतो. आधीच्या मालकाने बदल मंजूर करून घेतला होता का, ते बुकाच्या मागच्या पानांवरच्या शेऱ्यांत सापडतं.

आता नंबरांविषयी. विलिजच्या इंजिनाचा नंबर वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर असतो. शेवरोलेच्या सहा सिलिंडरवाल्याचा ब्लॉकच्या उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरशेजारी. आणि शेवरोलेच्या अनेक जुन्या पिकअपची ओळखपट्टी दाराच्या खांबावर बसवलेली असते. डेंटिंगला गाडी गेली की ती पट्टी निघते, डब्यात पडते आणि डब्यासकट भंगारात जाते. काम सुरू करण्याआधी प्रत्येक पट्टीचे आणि कोरलेल्या नंबरांचे फोटो काढा, पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून वर पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) घेऊन ठेवा, आणि त्या जागेवर ग्राइंडर किंवा सँडब्लास्ट चालवू नका असं गॅरेजवाल्याला बजावून सांगा. नंबर गंजाने पुसट झाला असेल तर स्वतः पंच मारायचा नाही. कार्यालयात अर्ज द्यायचा. तपासणी आणि परवानगीनंतरच तो पुन्हा कोरता येतो.

जाणकार मित्रांचा आणखी एक मोठा उपयोग म्हणजे मूळ रूपाचा पुरावा. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या गाडीचे फोटो, कंपनीच्या मॅन्युअलची पानं, सुट्या भागांच्या यादीतली चित्रं यांची फाइल तयार ठेवा. समोर आलेल्या निरीक्षकाने असा पिकअप कधी पाहिलेलाच नसतो. हौद्याचा फाळका मुळातच साखळीवर टांगलेला असायचा हे चित्र दाखवल्यावर त्याला लगेच पटतं.

तपासणी आणि शुल्क

नोंदणी संपलेली गाडी चालवत आरटीओत नेऊ नका, टेम्पोवर चढवून न्या. सोबत बुक, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड आणि पेन्सिल प्रिंट. विमा किमान तृतीय पक्षाचा हवाच. दिवे, वायपर, हॉर्न, ब्रेक आणि हँडब्रेक मित्राकडून एकदा तपासून घ्या. सहा व्होल्टच्या गाडीचे दिवे मुळातच मंद असतात, तेव्हा अर्थिंगचे सांधे घासून स्वच्छ करा.

खासगी हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क गाडी वीस वर्षांवरची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. आयात केलेल्या चारचाकीला तेच ८०,००० होतं. शिवडीला जुळलेल्या शेवरोलेच्या मालकांनी इथे लक्ष द्यावं: बुकात ‘आयात’ असा शेरा नसेल तर तो संगणकात नोंद चढवताना चुकून पडू देऊ नका. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. खासगी गाडीला तो पंधरा वर्षांनंतर लागतो, मालवाहूला आठ वर्षांनंतर.

व्हिंटेज प्रमाणपत्र मिळालं तरी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच तिला रस्त्यावर मुभा आहे. बाजारात भाजी घेऊन जायचं मनात असेल तर साध्या नूतनीकरणाचा किंवा पासिंगचाच अर्ज करा.