कॉकाटील (छोटा पाळीव काकाकुवा)

काकाकुवांच्या कुळातला आकाराने सर्वांत लहान पक्षी. शास्त्रीय नाव निम्फिकस हॉलंडिकस. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. पाळीव पक्षी म्हणून आता जगभर पोहोचलेला. बडोद्यातले पक्षीविक्रेते त्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. ‘छोटा काकाकुवा हवाय’ असे सांगत दुकानात शिरलेल्या माणसाला बहुतेक वेळा हाच पक्षी दाखवला जातो. त्यात लबाडी नाही. कॉकाटील हा पोपट की काकाकुवा, हा जुना वाद रेणवीय (डीएनएच्या) अभ्यासांनी मिटवला असून तो काकाकुवाच ठरला आहे. ‘काकाकुवा’ हा शब्द मलाय भाषेतल्या ‘काकातुआ’वरून आला. ‘कॉकाटील’चे मूळ डच आहे.

शेपटीसह लांबी ३० ते ३३ सेंमी. असली, तरी तिच्यातली निम्मी शेपटीचीच असते. वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. डोक्यावर हलता तुरा, गालावर नारिंगी ठिपका, अंग राखाडी आणि पंखांवर पांढरा पट्टा, हे रानातल्या पक्ष्याचे रूप. वयात आलेल्या नराचा चेहरा पिवळाधमक होतो. मादीचा चेहरा फिकट राहतो आणि तिच्या शेपटीखाली आडव्या रेघा दिसतात. संपूर्ण काकाकुवा कुळात हिरवा किंवा निळा रंग आढळत नाही, कारण ते रंग दाखवणारी पिसांची सूक्ष्म रचनाच या कुळात नाही. बाजारातले पिवळट-पांढरे लाल डोळ्यांचे ल्युटिनो, ठिपकेदार पर्ल, चट्टेरी पाइड, पांढऱ्या तोंडाचे व्हाइटफेस हे सगळे पिंजऱ्यातल्या पैदाशीत निवडून टिकवलेले रंगप्रकार आहेत, वेगळ्या जाती नव्हेत. ल्युटिनोच्या तुऱ्यामागे अनेकदा टक्कल असते. तो रोग नसून त्या रंगप्रकाराबरोबर आलेली उणीव आहे.

थव्याचा पक्षी

रानात हा पक्षी पाणी आणि गवताचे बी शोधत थव्याने भटकतो. त्याच्या पाळणुकीतले जवळजवळ सगळे या एका गोष्टीवरून समजते. थव्यातला एखादा पक्षी नजरेआड झाला की बाकीचे शीळ घालून त्याला हाक देतात, आणि तोही उत्तर देतो. घरातला कॉकाटील माणसांना थवा मानतो. आई स्वयंपाकघरात गेली, मूल शाळेला निघाले, की पिंजऱ्यातून तीच हाक येते. पुष्कळ घरांत तिला ‘ओरडणे’ समजून पिंजऱ्यावर कापड टाकतात. खरे म्हणजे दुसऱ्या खोलीतून एक छोटी शीळ परत दिली, तर पक्षी बहुधा शांत होतो. दिवसभर कुलूप लागणाऱ्या घरात एकटा कॉकाटील ठेवणे हे त्याच्या स्वभावावर अन्याय करणारे आहे. अशा घरात जोडी ठेवावी, किंवा पक्षी आणूच नये.

तुऱ्यावरून त्याचे मन कळते. तुरा ताठ उभा असला तर तो दचकला आहे किंवा कुतूहलाने पाहतो आहे. तुरा मागे चपटा करून फिस्कारला तर हात लांब ठेवावा. तुरा अर्धवट कललेला आणि चोच हलकेच करकरत असेल, तर त्याला सुखाची झोप लागते आहे. नर ऐकलेल्या आवाजांची शिट्टीने नक्कल करतो. दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, मोबाइलची धून असे सगळे काही. शब्द त्याला थोडेच येतात आणि तेही अस्पष्ट. ‘मिठू’ म्हणायला शिकेल या आशेने आणलेल्या पक्ष्याकडून मुलांचा हिरमोड होतो. शीळ शिकवली तर होत नाही.

बडोद्यातला संदर्भ

पक्ष्यांचे प्रेम या शहरात जुने आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस गायकवाडांच्या राजवाड्यात पाहुण्यांपुढे शिकवलेल्या पोपटांचे खेळ होत. चांदीच्या चिमुकल्या सायकली चालवणे आणि छोटी तोफ डागणे हे त्यांतले गाजलेले प्रकार. विश्वामित्रीकाठचे सयाजीबागेतले प्राणिसंग्रहालय (बाग लोकांच्या तोंडी कमाटीबाग) १८७९ सालचे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या मराठी घरांत ओसरीवर राघूचा पिंजरा टांगण्याची रीतही होती. तो राघू आता पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतीय पोपट पकडणे, विकणे वा घरी ठेवणे गुन्हा आहे, मग तो ‘आजोबांच्या वेळेपासून’ असो. राघूची ती जागा आज कॉकाटील आणि बजरीगर या परदेशी पक्ष्यांनी घेतली आहे.

मोठ्या व पांढऱ्या काकाकुवांचा मामला निराळा. या अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतले परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. त्यांच्या मालकाला २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. इंडोनेशियातल्या तनिंबार बेटांवरचा गॉफिन काकाकुवा लहानसर, पांढरा आणि देखणा म्हणून लोकांना भुरळ घालतो. पण तो कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. शिवाय त्याची बुद्धी पिंजऱ्यात मावत नाही. ऑस्ट्रियातल्या फिगारो नावाच्या गॉफिनने लाकडाची ढलपी काढून त्या ढलपीने पिंजऱ्याबाहेरचे खाद्य ओढून घेतले, हे निरीक्षण २०१२ साली प्रसिद्ध झाले. असा पक्षी फ्लॅटमध्ये दिवसभर बसवला तर तो किंचाळतो, नाहीतर स्वतःची पिसे उपटतो. कॉकाटील मात्र साइट्सच्या याद्यांतून वगळलेल्या मोजक्या पोपटवर्गीय पक्ष्यांपैकी एक आहे, त्यामुळे त्याला ही नोंदणी लागत नाही. दुकानाला मात्र वेगळी नोंदणी लागते. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार विक्रेत्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी हवी. ती दाखवायला सांगण्यात संकोच करू नये.

विकत घेताना

पक्षी निवडताना दुकानात दहा मिनिटे नुसते उभे राहावे. आजारी पक्षी माणूस जवळ आला की तरतरीत असल्याचे सोंग करतो, कारण थव्यात दुबळा दिसलेला पक्षी शिकाऱ्याच्या तोंडी जातो. काही वेळाने तो पुन्हा पिसे फुगवून डोळे मिटू लागतो. नाकपुड्या कोरड्या व स्वच्छ, शेपटीखालची पिसे न चिकटलेली, श्वास घेताना शेपूट वरखाली न होणारी, आणि छातीचे मधले हाड बोटाला सुरीसारखे न लागणारे असावे. पायात बंद कडी असली तर उत्तम. ती पिल्लू साधारण दहा दिवसांचे असतानाच चढवता येते, नंतर पाय मोठा होतो. त्यामुळे ती पिंजऱ्यातल्या जन्माची खूण ठरते.

‘नर आहे, बोलेल’ या आश्वासनावर पैसे मोजू नयेत. पहिली पिसे झडेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, राखाडी पिल्ले मादीसारखीच दिसतात. खात्री हवी असल्यास पिसावरून डीएनए चाचणी होते. त्याहून धोक्याचा प्रकार म्हणजे दोन-तीन आठवड्यांचे पिल्लू ‘हातावर वाढवलेले माणसाळते’ म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती देणे. त्याला दिवसातून अनेकदा कोमट पेज भरवावी लागते. ती किंचित जास्त गरम असली तर गळ्याखालची अन्नपिशवी भाजते, गार असली तर पेज आत साचून आंबते. अननुभवी घरात अशी पिल्ले फार मरतात. आठ ते दहा आठवड्यांचे, स्वतः दाणे फोडून खाणारे पिल्लू घ्यावे. तेही प्रेमाने महिनाभरात हातावर येते.

पिंजरा, पंखा आणि धूर

पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा हवा, निदान दोन्ही पंख पसरून इकडून तिकडे झेप घेता येईल इतका. गजांमधली फट दीड सेंटिमीटरच्या आसपास असावी. स्वस्त गॅल्व्हनाइज्ड जाळी चावल्याने जस्ताची विषबाधा होते. बसायला गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांडीऐवजी पेरूची किंवा कडुनिंबाची वेडीवाकडी फांदी लावावी, म्हणजे पायाला फोड येत नाहीत.

भारतीय घरात या पक्ष्याचा पहिला वैरी छताचा पंखा. पंखा पूर्ण थांबल्याशिवाय पिंजऱ्याचे दार उघडायचे नाही, हा नियम घरातल्या लहानात लहान मुलालाही पाठ हवा. दुसरा वैरी धूर. पक्ष्याचे फुप्फुस हवेतले विष माणसाच्या कितीतरी पट वेगाने शोषते. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने बाजूच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. देवघराजवळ पिंजरा ठेवण्याची आपली हौस समजण्यासारखी आहे, पण उदबत्ती, धूप, कापूर आणि डासांची अगरबत्ती या सगळ्यांपासून तो लांब हवा. उलट बाजूने, कॉकाटीलच्या अंगावरची पांढरी भुकटी घरभर उडते. घरात कोणाला दमा असेल तर पक्षी आणण्याआधी विचार करावा.

खाद्य

नुसते सूर्यफुलाचे बी हे बाजारातले खाद्य चरबीने यकृत खराब करते. बाजरी, राळा (गुजरातीत कांग), ज्वारी, थोडी करडई यांचे मिश्रण आणि गोळीखाद्य द्यावे. सोबत कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मक्याचे कणीस. समुद्रफेन पिंजऱ्याला बांधून ठेवावा, त्यातून चुना (कॅल्शियम) मिळतो. अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि कांदा विषारी. खारी शेंग आणि फरसाण देऊ नये. बडोद्यात शेव-चिवड्याचा डबा कायम उघडा असतो, आणि पक्षी ताटावर येऊन बसला की कोणाला नाही म्हणवत नाही. पण मिठाचा तो एवढासा कणही त्याच्या मूत्रपिंडाला जड जातो. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी लागते, म्हणून एका वेळी पंधरवड्यापुरतेच आणावेत.

ऋतू आणि सण

मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ अंशांपुढे जातो. वाळवंटातला पक्षी म्हणून त्याला ऊन सोसते, हा समज चुकीचा आहे. रानात तो दुपारी सावलीत बसतो. चोच उघडी टाकून पंख अंगापासून दूर धरले की त्याला उकडते आहे. पाणी दोनदा बदलावे, पसरट भांड्यात आंघोळीला द्यावे, एसीचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये.

त्याला रात्री दहा ते बारा तास झोप लागते. नवरात्रात गरब्याचे आवाज मध्यरात्रीपर्यंत चालतात, तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत हलवावा. अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यात धडपडणे ही या जातीची खोड आहे, आणि ल्युटिनोमध्ये ती जास्त. त्यासाठी मंद दिवा लावून ठेवतात. उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, अगाशीवर पिंजरा नेऊच नये. त्या दिवसांत आकाश मांज्याने भरलेले असते. दरवर्षी जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी गुजरात सरकार ‘करुणा अभियान’ चालवते. विश्वामित्रीच्या पुराने २०१९ आणि २०२४ मध्ये शहरात घरे बुडवली. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हातात धरता येईल असा छोटा प्रवासी पिंजरा तयार ठेवावा.

आजार आणि अंडी

पक्ष्याचे दुखणे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहिणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. ९० ग्रॅमच्या पक्ष्याचे ९ ग्रॅम कमी झाले, की वाट न पाहता पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जावे. सुमारे ४० किमी.वरील आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मादी नराशिवायही अंडी घालते, हे अनेकांना ठाऊक नसते. अंडी उचलून टाकली की ती पुन्हा घालते, आणि दर अंड्यामागे तिच्या हाडांतला चुना संपतो. शेवटी अंडे आत अडकून ती मरू शकते. म्हणून अंडी तशीच तिच्याखाली राहू द्यावीत. कंटाळून ती स्वतःच सोडते. उजेडाचे तास कमी करावेत, कपाटामागच्या अंधाऱ्या सांदी बंद कराव्यात. जोडी असल्यास नर-मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. पिल्ले १८ ते २१ दिवसांत बाहेर येतात.

चांगल्या घरात कॉकाटील १५ ते २० वर्षे जगतो. दहावीच्या निकालाला बक्षीस म्हणून आणलेला पक्षी मूल शिकायला कॅनडाला गेल्यावरही घरात असतो, आणि बडोद्यातल्या कितीतरी घरांत मग तो आजीचा होतो. आजीलाच आधी विचारून आणावा.

सुटल्यास

‘मोकळे सोडून पुण्य मिळवावे’ या भावनेने कॉकाटील उडवून देणे म्हणजे त्याला मारणे. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्या या पक्ष्याला इथे दाणा शोधता येत नाही, आणि कावळे, घारी, मांजरे काही तासांत त्याला गाठतात. चुकून उडालाच तर तो बहुधा जवळच्या झाडावर उंच बसलेला असतो. खाली उतरण्याची सवय नसल्याने येत नाही. त्याचा पिंजरा, दार उघडे ठेवून, गच्चीवर दिसेल असा ठेवावा. दुसरा पक्षी असल्यास त्याचा पिंजराही शेजारी. रात्री शोधू नये. पहाटे उजाडताच घरातल्या ओळखीच्या माणसाने गच्चीवर जाऊन रोजची शीळ घालावी आणि गप्प राहून ऐकावे. जवळपास असेल तर तो उत्तर देतो.