तळपायाची चामखीळ आणि घरच्या घरी उपचार : पार्श्वभूमी

तळपायाच्या चामखिळीसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जे काही मिळतं, म्हणजे ॲसिडची बाटली, ॲसिडची पट्टी, गोठवायचा स्प्रे, त्याचा इतिहास बघायला गेलं तर त्यात तळपाय फार उशिरा येतो. ॲसिड आलं ते कुरुपांच्या मागून, आकडे आले ते बरेचसे हाताच्या चामखिळींचे आणि लहान मुलांचे, आणि गोठवण्याचा दरारा आला तो दवाखान्यातल्या द्रवरूप नायट्रोजनमुळे. मोठ्या माणसाच्या टाचेखाली वर्ष वर्ष बसून राहिलेल्या चामखिळीचा असा वेगळा विचार अगदी अलीकडे झालाय, म्हणून खाली जुन्या काळाला थोडक्यात उरकलंय आणि १९९० नंतरचं जास्त आहे.

जुनं म्हणजे किती जुनं, तर पहिल्या शतकातल्या एका रोमन वैद्यकग्रंथात चामखिळींचे प्रकार पाडलेले आहेत आणि त्यातला एक तळहातावर नाहीतर तळपायावर येणारा, बसकट, कडक, खोल गेलेला आणि जास्त दुखणारा असा सांगितलाय. वर्णन आजही चालेल. त्यानंतर शेकडो वर्षं जाळणं, कापणं, झाडाचा चीक लावणं, मंत्र, दोरे हे सगळं चाललं. १९०७ मध्ये इटलीत एका डॉक्टरने चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात ना पेशी राहिल्या ना जंतू, आणि तो टोचल्यावरही चामखीळ उठली, म्हणजे कारण व्हायरस. १९४९ मध्ये ते कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले. मग १९७० च्या दशकात कळलं की हा एक व्हायरस नाही, कुटुंब आहे, आता त्याचे २०० च्या वर प्रकार मोजलेत आणि पायावर त्यातले १, २, ४, २७, ५७ असे मोजकेच जास्त सापडतात. गंमत अशी की एवढं कळूनही घरी लावायच्या औषधात काहीच बदललं नाही, कारण व्हायरसवर थेट काम करणारं काही हाती आलंच नाही. आजही बाटलीत आहे ते व्हायरसचा पत्ता लागण्याच्या आधीचंच.

ते म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. १८७४ मध्ये जर्मनीत ते कारखान्यात बनायला लागलं आणि स्वस्त झालं, १८८० च्या दशकात तिथल्याच एका त्वचेच्या डॉक्टरने कापडावर ॲसिड चढवलेल्या पट्ट्या प्रचारात आणल्या, आणि मग कुरुपांवरच्या पट्ट्यांचा बाजार उभा राहिला. बाटलीतलं चिकट द्रव म्हणजे कोलोडियन, ते तर त्याच्याही आधी १८४० च्या दशकात जखमेवर पातळ पापुद्रा धरावा म्हणून आलं होतं, पुढे फोटोग्राफीच्या काचेवर गेलं. यात ॲसिड घातलं की ब्रशने लावायचं औषध तयार. ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत असेल, लावल्यावर ईथरचा झणझणीत वास येतो, मिनिटाभरात पांढरट पापुद्रा बसतो, दुसऱ्या दिवशी त्याची कड नखाने उचलली की सालपटासारखा निघतो, आणि झाकण नीट लावलं नाही तर थोड्या दिवसांत बाटलीतलं औषध डिंकासारखं घट्ट होऊन बसतं. ईथर उडून जातं म्हणून हे होतं, आणि म्हणूनच बाटलीवर आगीपासून लांब ठेवा असं लिहिलेलं असतं.

ॲसिड करतं काय तर मेलेल्या कडक कातडीचे थर एकमेकांना ज्याने चिकटलेले असतात ते सैल करतं. बस. चामखीळ मारत नाही, तिच्या वरचं छप्पर काढतं, आणि त्या सगळ्या घासाघाशीने तिथे जी थोडी सूज येते त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीचं तिकडे लक्ष जातं असा अंदाज आहे. त्यामुळे घासणं हा उपचाराचा अर्धा भाग. कोमट पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं बुडवला की चामखिळीवरची कातडी पांढरी, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी होते, मग वजरीने किंवा नखाच्या कानशीने ती काढायची, खाली काळे ठिपके दिसायला लागतात. लोक त्याला मूळ म्हणतात, पण ते मूळ नाही, रक्त गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. कुरुपात हे ठिपके नसतात आणि कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. (आणि ती वजरी परत टाचा घासायला वापरू नये, व्हायरस तिच्यावर बसून दुसरीकडे जातो.)

आता १९९०. त्या वर्षी अमेरिकेतल्या औषध नियामकाने चिठ्ठीशिवाय विकायच्या चामखिळीच्या औषधांचा अंतिम नियम काढला. १९७२ पासून बिनचिठ्ठीच्या सगळ्याच औषधांची जी झाडाझडती चालली होती त्यातला हा भाग. चामखिळीसाठी यादीत एकच घटक उरला, सॅलिसिलिक ॲसिड : पट्टीत १२ ते ४० टक्के, कोलोडियनसारख्या द्रवात ५ ते १७ टक्के, आणि मुदत जास्तीत जास्त १२ आठवडे. त्याच सुमारास कुरुपांसाठीचाही नियम आला, त्यात पट्टीचे टक्के अगदी तेच, १२ ते ४०, फक्त मुदत १४ दिवस. म्हणजे पट्टी तीच, ॲसिड तेच, बॉक्स वेगळा. यात लबाडी आहे असं नाही, पण एक गोष्ट ध्यानात घ्या, १२ आठवडे ही लावत राहण्याची वरची मर्यादा आहे, तेवढ्यात बरी होईल असं ते आश्वासन नाही, आणि वाचणारा नेमकं तेच समजतो. डायबिटीस किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी वापरू नये ही सूचनाही याच नियमातली, आणि ती बारीक अक्षरात असली तरी सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण संवेदना गेलेल्या पायाला ॲसिडने जखम झालेली कळतच नाही.

गोठवणं घरी आलं ते २००० च्या दशकाच्या सुरुवातीला. दवाखान्यात हे जुनं, १८९९ च्या सुमारास द्रवरूप हवेने चामखिळी गोठवल्या जात होत्या, नंतर कार्बन डायऑक्साइडचा बर्फ आला आणि १९५० पासून द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. घरच्या डब्यात नायट्रोजन नसतो, डायमिथाइल ईथर आणि प्रोपेन असतं, कंपन्या उणे ५७ च्या आसपासचा आकडा सांगतात, आणि तोही फोमच्या टोकाचा, कातडीच्या आतला नाही. टाचेची जाड कातडी मध्ये असली की थंडी खाली किती पोचत असेल याचा विचार आपला आपण करावा. शिवाय हे दोन्ही वायू पेटतात, २०१४ मध्ये नियामकाने इशारा दिला की २००९ पासून हे डबे वापरताना पेटल्याच्या १४ तक्रारी आल्यात, मेणबत्तीजवळ, हेअर स्ट्रेटनरजवळ वगैरे. तरीपण लोकांना हा प्रकार आवडतो कारण एकदा दाबलं की झालं, रोज रात्री पाय भिजवत बसायला नको.

आणि मग टेप. या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त भांडण झालंय ते राखाडी डक्ट टेपवरून (जाड, चिवट कापडी चिकटपट्टी), आणि माझ्या मते ते भांडण अर्धवट सोडून लोक उठून गेले.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एका लष्करी हॉस्पिटलमध्ये ३ ते २२ वयाच्या ६१ जणांवर ट्रायल झाली. अर्ध्यांना चामखिळीएवढा डक्ट टेपचा तुकडा सहा दिवस लावून ठेवायचा, मग काढून, भिजवून, घासून रात्रभर मोकळं ठेवायचं आणि सकाळी परत नवा, असं जास्तीत जास्त दोन महिने. बाकीच्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी नायट्रोजन. शेवटपर्यंत ५१ टिकले, टेपवाल्यांत ८५ टक्के बरे, नायट्रोजनवाल्यांत ६०. बातमी जगभर गेली आणि जाणारच होती, फुकटात पडणारी टेप आणि ती डॉक्टरच्या नळकांड्याला हरवते! पण बारकाईने बघितलं तर काही जणांचा निकाल फोनवर विचारून लिहिलेला होता, आणि टेप वेगळी काढून बघितलेलीच नव्हती, तिच्याबरोबर भिजवणं आणि घासणं होतं, जे ॲसिडवाल्यांच्याही उपचाराचा अर्धा भाग आहे. काम टेपने केलं का कानशीने, हे त्या ट्रायलमधून कळायला मार्गच नाही.

२००६ मध्ये नेदरलँड्समध्ये १०३ शाळकरी मुलांवर परत बघितलं. यावेळी समोर खोटा उपचार म्हणून कुरुपाची गोल गादी, ती पण आठवड्यातून एकच रात्र. सहा आठवड्यांनी टेपवाल्यांत १६ टक्के, दुसऱ्यांत ६. आकडेशास्त्राच्या कसोटीला हा फरक पुरला नाही, म्हणून निष्कर्ष असा की टेपचा फारसा उपयोग नाही. आता ५१ पैकी ८ आणि ५२ पैकी ३, एवढ्या लहान आकड्यांतून उपयोग नाही हे सिद्ध होत नाही, फक्त उपयोग आहे हे सिद्ध झालं नाही, आणि हा फरक पुढे सांगताना सगळे विसरले. २००७ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांवर तिसरी ट्रायल, एका गटाला मऊ कापडी पट्टी आणि तिच्या आत टेप, दुसऱ्याला नुसती पट्टी, म्हणजे कोणाला काय लावलंय ते कळू नये म्हणून चांगली युक्ती. निकाल २१ आणि २२ टक्के, वर टेपने बरे झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश जणांची सहा महिन्यांत परत आली. विषय संपला असं सगळ्यांनी मानलं. फक्त एक झालं होतं, ही टेप पारदर्शक होती, आणि पारदर्शक टेपमध्ये राखाडी टेपसारखं रबर नसतं हे नंतर लक्षात आलं. २००२ चं जे काही होतं ते कातडीला रबराच्या चिकटाने होणाऱ्या जळजळीमुळे असेल असा एक अंदाज होता, तर मग २००७ मध्ये ती गोष्ट तपासली गेलीच नाही, दुसरीच टेप तपासली गेली. टेपच्या बाजूने बोलायला मी उभा नाही, ८५ टक्क्यांवर माझा विश्वास नाहीच, पण तिला ज्या पुराव्यावर बाद केलं तो पुरावाही तितकाच लंगडा आहे. आणि या तिन्ही ट्रायलमधली एकही फक्त तळपायाच्या चामखिळींवर नव्हती.

दुसरा घोळ म्हणजे आपोआप जाण्याचा. १९६३ मध्ये एका संस्थेत राहणाऱ्या १००० मुलांचा अभ्यास आला, त्यात दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत काही न करता गेल्या. मुलांच्या. हा आकडा तेव्हापासून सगळीकडे छापला जातो आणि मोठ्यांनाही ऐकवला जातो. त्याच्याही आधी १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये एक डॉक्टर नुसतं आवाज करणारं, दिवे लावणारं यंत्र लावून चामखिळी घालवायचा, यंत्रात काहीही नव्हतं, आणि कित्येकांच्या जायच्या. म्हणून शेवटचं जे लावलं त्यानेच गेली असं प्रत्येकाला वाटतं, लसूण असो, टेप असो, केळ्याचं साल असो.

तळपायाची वेळ आली ती २०१० मध्ये. नेदरलँड्समध्येच २५० लोकांचे तीन गट केले, नायट्रोजन, ४० टक्क्यांचं ॲसिड आणि नुसती वाट बघणं, आणि मुख्य म्हणजे हाताबिताच्या साध्या चामखिळी आणि तळपायाच्या चामखिळी यांचा हिशेब वेगळा मांडला. १३ आठवड्यांनी साध्या चामखिळींत नायट्रोजन ४९ टक्के, ॲसिड १५, वाट बघणं ८. तळपायाला आलं की ३०, ३३ आणि २३, तिघांत सांगण्यासारखा फरकच नाही. इतकी वर्षं दोन्ही एकाच टोपलीत घालून जो सरासरी आकडा सांगितला जायचा त्यात हे लपून जात होतं. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये १२ वर्षांवरच्या २४० जणांवर, सगळ्या तळपायाच्याच, ५० टक्क्यांचं ॲसिड घरी रोज आठ आठवडे विरुद्ध दवाखान्यात चार वेळापर्यंत नायट्रोजन. १२ आठवड्यांनी दोन्हीकडे पूर्ण बरे १४ टक्के. सहा महिन्यांनी लोकांनीच सांगितलेलं धरलं तर ३१ आणि ३४. आणि हे ॲसिड १९९० च्या नियमातल्या कमाल ४० पेक्षाही कडक होतं. खर्च मात्र नायट्रोजनचा माणशी १०० पौंडांनी जास्त, त्यामुळे दवाखान्यात जाण्याआधी घरी ॲसिड लावून बघा या सल्ल्याला खरा जोर आला तो इथून. ॲसिड भारी ठरलं म्हणून नाही, नायट्रोजन तळपायावर तितकाच कमी पडला म्हणून.

२०१२ मध्ये ८५ ट्रायल एकत्र करून जो मोठा आढावा निघाला त्यात सॅलिसिलिक ॲसिड खोट्या उपचारापेक्षा थोडं बरं ठरलं, टेपला काही मिळालं नाही, आणि ॲसिड अधिक गोठवणं हे नुसत्या ॲसिडपेक्षा चांगलं असावं असा एक हलका इशारा मिळाला, तोही मोजून दोन ट्रायलवरून. आता एकाच बॉक्समध्ये गोठवायचा डबा आणि ॲसिड असे जे जोडसंच मिळतात त्यांच्यामागे सांगायला हाच इशारा आहे, फक्त त्या ट्रायलमधलं गोठवणं नायट्रोजनचं होतं, आणि बॉक्समध्ये आहे ते ईथर आणि प्रोपेन.