पार्श्वभूमी: सुतापासून स्लायडरपर्यंत

नाशिकच्या गंगापूर रोडवर एखाद्या नव्या इमारतीच्या दर्शनी भागाला लाटेसारख्या पट्ट्या दिसल्या, की हल्ली कुणीही सहज म्हणतं, "पॅरामेट्रिक दिसतंय." खरं तर हा शब्द आकाराचा नाही, पद्धतीचा आहे. इथे वास्तुकार आधी आकार काढत नाही, मापांमधलं नातं ठरवतो. खांबांतलं अंतर बदललं की तुळईची जाडी, पट्ट्यांची संख्या, काचेचं माप सगळं आपसूक नव्यानं बसतं. असं बदलतं माप म्हणजे पॅरामीटर, गणिताच्या पुस्तकातलं प्राचल. या हिशेबानं सरळसोट चौकोनी इमारत पॅरामेट्रिक असू शकते आणि लाटांची इमारत नुसती हातानं काढलेली.

जुन्या वाड्यांची भाषा अशीच होती. घर खणांत मोजलं जाई. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण, आणि तो किती रुंद ठेवायचा हे हाती आलेल्या लाकडाच्या लांबीवर ठरे. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर त्याहून देखणं. यादवकाळातलं हे पंचायतन, म्हणजे मधे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळं, शिखर भूमिज पद्धतीचं. चारी दिशांना तळापासून वर चढत गेलेले पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागांत लहान-लहान शिखरांच्या उभ्या माळा, वर जाईल तसं प्रत्येक शिखर आणखी लहान. रांगा किती आणि माळा किती हे ठरलं की शिखराचा बराचसा घाट ठरतो. हे करणाऱ्या मुख्य कारागिराला सूत्रधार म्हणत, म्हणजे हातात दोरी धरणारा. मराठीत सूत्र म्हणजे दोराही आणि गणितातला फॉर्म्युलाही, हा योगायोग मला तरी फार आवडतो.

दोऱ्यावरूनच आठवतो स्पेनचा वास्तुकार अंतोनी गाउदी. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी १८९८पासून सुमारे १० वर्षं त्यानं छताला दोऱ्या टांगून आणि त्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधून एक उलटं चर्च तयार केलं. एक पिशवी जड केली की सगळं जाळं हलून नव्या तोलात स्थिरावायचं. फोटो काढून उलटा धरला की कमानी तयार! प्रत्यक्षात बांधून झालं ते फक्त तळघरातलं प्रार्थनास्थळ.

'पॅरामेट्रिक वास्तुकला' हा शब्द इटलीचा वास्तुकार लुइजी मोरेत्ती यानं १९४०च्या दशकात वापरायला घेतला. १९६०मध्ये मिलानच्या प्रदर्शनात त्यानं स्टेडियमची मॉडेलं मांडली. प्रेक्षकाला मैदान कसं दिसेल यावरून त्यांचा आकार ठरवला होता. १९६३मध्ये आयव्हन सदरलंडच्या स्केचपॅड या प्रोग्रॅमनं संगणकाच्या पडद्यावर रेषांना अटी घालून दाखवल्या. पुढे १९८८च्या प्रो-इंजिनिअर या सॉफ्टवेअरनं हे तंत्र कारखान्यात नेलं. त्यामुळे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांची ड्रॉइंग करणाऱ्याला यात नवल वाटत नाही, भोकाचा व्यास बदलला की फ्लँज (जोडणीची चकती) बदलणारच.

इमारतींत याचा खरा फायदा दिसला तो लंडनच्या वॉटर्लू आंतरराष्ट्रीय स्थानकात, १९९३मध्ये. फलाट वळणारा, त्यामुळे छताची रुंदी ५० मीटरवरून ३५ मीटरपर्यंत निमुळती होत जाते. ३६ कमानी वेगवेगळ्या काढत बसण्याऐवजी नियम एकच लिहिला. २००७च्या सुमारास डेव्हिड रुटेननं राइनो या त्रिमितीय ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसाठी ग्रासहॉपर हे जोड-साधन आणलं आणि कोड न लिहिताही हे सगळं जमू लागलं. वर्षभरात वास्तुकार पॅट्रिक शूमाखरनं 'पॅरामेट्रिसिझम' ही नवी शैली असल्याचा जाहीरनामाच काढला. पद्धतीची फॅशन झाली ती इथे, असं माझं मत.

नाशिकला या पद्धतीचा उपयोग आहेच. आपण साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, म्हणजे युरोपातल्या पुस्तकांतले सावलीचे आडाखे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. पट्टीचा कोन सूर्याच्या गतीला बांधला की पडद्यावरचा स्लायडर, म्हणजे माप कमी-जास्त करायची खूण, सरकवत वीस पर्याय दुपारच्या चहाआधी पाहून होतात, पत्रा किती लागेल तेही लगेच कळतं.

अडतं ते साइटवर. मी पाहिलेल्या एका कामात पश्चिमेच्या भिंतीवरची प्रत्येक पट्टी निराळ्या कोनाची होती. लेझरनं मिलिमीटरला मिलिमीटर कापलेली, नंबर घातलेली. स्लॅबची कड मात्र पाच-सहा सूत, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त, बाहेर आलेली. एरवी गवंडी असा फरक प्लास्टरमध्ये मारून नेतो, इथे ब्रॅकेटच बसेनात. त्यात पावसानं नंबरांचे स्टिकर सुटले. फॅब्रिकेटरची पोरं दोन दिवस पट्ट्या जमिनीवर मांडून ४७ नंबर शोधत होती. स्क्रीनवर बदल फुकट होता, इथे प्रत्येक बदलाला वेल्डर लागत होता.

कबुतरं तर कुठल्याच स्लायडरवर नव्हती. दोन पट्ट्यांमधली तिरकी सावलीची जागा त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात पकडली, आणि आता सगळ्या दर्शनी भागावर हिरवी नायलॉनची जाळी ताणलेली आहे.