लोकल फास्ट, रंगही फास्ट

दादरच्या फलाटावर 'फास्ट' म्हणजे माटुंगा-सायनला न थांबता कुर्ला गाठणारी गाडी. स्टेशनाबाहेरच्या कापडाच्या दुकानात 'रंग फास्ट आहे' म्हणजे तो जागचा हलणार नाही. शब्द एकच, आणि त्याचा मूळ अर्थ दुकानदार सांगतो तो.

जुन्या इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे घट्ट, पक्का. 'फास्ट अस्लीप', म्हणजे गाढ झोपलेला, यात तो अर्थ अजून टिकून आहे. घट्टपणातून वेग कसा आला, ते आपल्या 'जोर'वरून कळतं. जोर म्हणजे ताकद, पण 'जोरात पळ' म्हणजे वेगाने पळ. इंग्रजीतही नेटाने धावण्याचं वेगाने धावणं झालं. 'वेगवान' हे विशेषण म्हणून तो शब्द 16व्या शतकात रुळला. उपवासाचा 'फास्ट'ही याच मुळाचा: नेम घट्ट धरायचा. 'ब्रेकफास्ट'मध्ये तो सुटतो.

कापडात घट्ट काय बसतं? सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग 1956 साली बाजारात आले. धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कलीत ते धाग्यातल्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतात. पण थोडा रंग धाग्याऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि कापडावर नुसता चिकटून राहतो. रंगाईनंतर गरम साबणपाण्याने तो काढावाच लागतो. तिथे हात आखडला की पहिल्या दोन-तीन धुण्यांत बादली लाल होते. 'डायरेक्ट' नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या रंगांना मात्र असा बंधच नसतो, म्हणून ते धुण्यागणिक उतरत राहतात.

नवं कापड मिठाच्या पाण्यात भिजवायची पद्धत घरोघरी आहे. रंगाईच्या वेळी मीठ लागतं, कारण ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. तयार कपड्यात मात्र नवा बंध त्याने जुळत नाही. तो कपडा वेगळा धुवावा, हेच खरं.

खात्री करायची तर पांढरा सुती रुमाल भिजवून पिळा आणि शिवणीच्या आतल्या बाजूला दाबून 10 वेळा पुढे-मागे घासा. प्रयोगशाळेतही असंच घासून रुमालावरच्या डागाला 1 ते 5 गुण देतात, 5 म्हणजे डागच नाही. कोरड्या रुमालानेही एकदा घासा. जीन्सची नीळ धाग्याच्या पृष्ठभागावर नुसती अडकलेली असते. ती पाण्यात विरघळत नाही, पण कोरड्या घासण्यानेही निघते, म्हणून नवी जीन्स पांढऱ्या सदऱ्याच्या कडेवर निळी रेघ सोडते.